इवल्या घरातला कोनाडा

शहापूरच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या एका रविवारी दहा-बारा मोठी माणसं भातुकली खेळायला जमत. निदान खाली पेपर चाळणारी मंडळी तसं म्हणत आणि म्हणताना मिशीतल्या मिशीत हसत. वर येऊन पाहिलं असतं तर त्यांचं हसू आटलं असतं. लांबड्या टेबलाभोवती सगळी डोकी खाली आणि तोंडं बंद. कुणी आगकाडीला पॉलिशपेपर घासतंय, कुणी बोटाच्या पेराएवढ्या चुलीत खऱ्या चुलीतली राख चिमटीनं भरतंय, आणि एखादा शिंकला तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतायत की बिचाऱ्यानं दुसरी शिंक नाकातच मारावी. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. आसपासच्या गावांतली मातीची घरं जाऊन तिथं स्लॅब यायला लागले, तेव्हा सरांना वाटलं, निदान टेबलावर तरी ही घरं उभी राहावीत. म्हणून त्यांनी ‘इवलं घर मंडळ’ काढलं.

मंडळाचे नियम थोडे, पण कडक. खरा एक फूट म्हणजे इथला एक इंच. त्यात कुणी लबाडी करू नये म्हणून सरांनी पुठ्ठ्याचा एक साडेपाच इंची माणूस कापला होता. त्याला धोतर रंगवलं होतं, झुबकेदार मिश्या काढल्या होत्या आणि त्याचं नाव ठेवलं होतं कोंडू. नवं घर टेबलावर आलं की आधी कोंडू दारातून आत जायचा. त्याचं डोकं चौकटीला आपटलं की घर परत. मुरबाडच्या एका शिंप्याचं घर असं तीनदा परत गेलं, तेव्हा तो म्हणाला होता, “सर, त्यापेक्षा कोंडूलाच जरा कापा ना.”

दुसरा नियम घरभरणीचा. भिंती आणि छप्पर झालं की एका बैठकीत प्रत्येकानं त्या घराला एक वस्तू द्यायची, आपल्या हातची किंवा आपल्या संग्रहातली. पुढच्या बैठकीला त्या खऱ्या घरात राहिलेल्या कुणाला तरी बोलवायचं. त्याला मंडळात ‘घरातलं माणूस’ म्हणत. त्या माणसानं सगळं निरखून बघायचं आणि काय बरोबर, काय चूक ते सांगायचं. त्याचा शब्द शेवटचा, सरसुद्धा तो मोडत नसत. तोवर घरात एकही वस्तू चिकटवायची नाही. घरातल्या माणसानं मान डोलावली की घर पुरं झालं.

मेघा या मंडळात आली ती टाइपरायटरच्या रिबिनीच्या डबीमुळे. शहापुरात एका कचेरीत ती टायपिस्ट होती आणि हाताला चाळा म्हणून तिनं त्या पत्र्याच्या डबीत एक माजघर केलं होतं: कुडाची भिंत, जातं, कोपऱ्यात उभं केलेलं मुसळ. सर कसल्याशा दाखल्यासाठी आले होते. त्यांनी ती डबी पाहिली, दाखला राहिला बाजूला आणि त्यांनी तिलाच पकडून नेलं. त्या महिन्यात वाचनालयाला रंग लावायचं काम चाललं होतं, म्हणून बैठक होती टेंबेकाकूंच्या घरी.

टेंबेकाकू करणाऱ्यांतल्या नव्हत्या, जमवणाऱ्यांतल्या होत्या. माहेरून आलेली पितळी भातुकली त्यांनी एका पेटीत जपली होती आणि वर्षानुवर्षं तिच्यात भर घातली होती. करणारे आणि जमवणारे यांच्यात मंडळात बारीकशी खुन्नस चाले. जमवणाऱ्यांना नुसतं कपाट लागतं, असं करणारे म्हणत, आणि करणाऱ्यांना नजर नसते, असं जमवणारे. पण काकूंनी मेघाची डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि तिचा हात धरून तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. ओट्याजवळ पाट टाकला आणि तव्यावरची पुरणपोळी तिच्या ताटात वाढली.

आता ही काही मोठी गोष्ट नव्हे, दुसऱ्या कुणी ती मनावर घेतली नसती. पण मेघाचे वडील जयराम किन्हवलीला पोस्टमन होते. लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढे बसून ती टपाल वाटायला जायची. काही घरांच्या ओट्याखाली उभं राहून ते ओंजळ पुढे करायचे आणि वरून कुणीतरी लांबून पाणी ओतायचं. ते पाणी पिऊन, मिशी पुसून आबा त्याच घरातल्या म्हातारीला तिच्या मुलाचं पत्र वाचून दाखवायचे. ते पाणी मेघाच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. आणि आता ती अशा घराच्या ओट्याजवळ पाटावर बसली होती, पोळीवर तूप पाघळत होतं.

“तुमचा गणपती दीड दिवसाचा की पाच?” काकूंनी पोळी उलटता उलटता विचारलं. विचारण्यात काही काळंबेरं नव्हतं. गणपती जवळ आले होते आणि मेघाच्या आडनावावरून काही कळण्यासारखं नव्हतं, एवढंच.

मेघाच्या घरी गणपती नव्हता, कधीच नव्हता. तिच्या आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, ती तिच्या जन्माच्याही आधी. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ताटातल्या पोळीकडे बघत ती म्हणाली, “दीड.”

त्या एका शब्दानं पुढं तिला पुरतं नाचवलं. गणपतीच्या महिन्यातली बैठक ती दर वर्षी काहीतरी कारण काढून चुकवी. एकदा काकूंनी हौसेनं विचारलं, तेव्हा हलवायाकडचे मोदक घरचे म्हणून नेले आणि त्या “सारण छान जमलंय गं” म्हणाल्या, तेव्हा तिला तो मोदक गिळवेना. खोटं उघडं पडेल याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी होती लाज. आपण कोण आहोत याची लाज तिला वाटत नव्हती. ते लपवल्याची वाटत होती. निदान ती स्वतःला तसं समजावत असे. रात्री कूस बदलताना मात्र या दोन्ही लाजा एकमेकींत अशा मिसळत की तिचं तिलाच कळेनासं होई.

अशात तिची घर करायची पाळी आली. माहेरचंच घर करायचं, हे तिच्या मनात केव्हापासून होतं. ती किन्हवलीला गेली. जुन्या घराच्या जागी विटांच्या दोन खोल्या झाल्या होत्या, आई गोजाबाईही राहिली नव्हती. आबा निवृत्त होऊन अंगणातल्या शेवग्याची निगा राखत बसलेले असत. लेक आपलं घर करणार म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. काठी घेऊन त्यांनी अंगणातच नकाशा काढला.

“हितं चूल. हितं भाताची कणगी. ह्यो वासा, तुजी आये रोज डोका आपटून घ्यायची आनि रोज मलाच बोलायची.” मग ते मागच्या भिंतीपाशी थांबले आणि काठीनं त्यांनी एक छोटा चौकोन काढला. “आनि ह्यो कोनाडा. ह्यो नीट कर गो. बाकी काय चुकलं तरी चालंल.”

त्या कोनाड्यात पूर्वी घरचे देव होते. दीक्षा घेऊन आल्यावर मेघाच्या आजोबांनी ते फडक्यात बांधले आणि नदीवर नेले. आबा तेव्हा पोरसवदा होते, बापाच्या मागून चालत गेले होते. परत आल्यावर आजोबांनी कोनाड्याला चुना लावला.

“लय दिस मोकळाच व्हता,” आबा म्हणाले. “आमी येता-जाता बगायचो. आता हितं काय, असं वाटायचं. मंग बापानं कल्यानवरनं बाबासाहेबांचा फोटो आनला. त्यो ठेवला, तवा घर भरल्यासारखं झालं.”

मेघानं कोनाडा नीट केला. माती चाळून, भाताचा कोंडा बारीक कुटून तिनं तीन हात दिले, वर चुना दिला. फोटो शेवटी करू, असं तिनं ठरवलं होतं. कोंडू दारातून सुखरूप आत गेला, वाशाला त्याचं डोकं लागलं आणि ते लागायलाच हवं होतं, तेव्हा सरांनी तिची पाठ थोपटली.

घरभरणीच्या दिवशी सगळे आपापल्या वस्तू घेऊन आले. विठूनं इंजेक्शनच्या बाटलीच्या बुचातून केलेला कंदील आणला. हा विठू किन्हवलीच्याच दवाखान्यात कंपाउंडर होता. शिंप्यानं गोधडी आणली, कुणी सूप, कुणी रॉकेलचा डबा. शेवटी टेंबेकाकू उठल्या. त्यांनी पदराआडून एक सागवानी देव्हारा काढला, अंगठ्याएवढा. त्यात गव्हाच्या दाण्याएवढा पितळी बाळकृष्ण होता.

“माझ्या आईच्या भातुकलीतला आहे,” काकू म्हणाल्या. “आजवर पेटीतलं काही कुणाला दिलं नाही मी. पण हिच्या घराला द्यावंसं वाटलं.” आणि त्यांनी आपल्या हातानं तो देव्हारा कोनाड्यात ठेवला. तो बरोब्बर बसला. “बघा, याच्यासाठीच केल्यासारखा कोनाडा!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विठूनं वाजवल्या नाहीत. त्यानं एकदा कोनाड्याकडे पाहिलं, एकदा मेघाकडे, आणि मग मान खाली घालून स्वतःचाच लखलखीत कंदील पुन्हा पुसायला घेतला. जयराम पोस्टमनला किन्हवलीत ओळखत नाही असा माणूस नव्हता.  काकू, आमच्याकडे देव नसतात. मेघाला इतकंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तो ‘दीड’ बाहेर येणार, मोदक बाहेर येणार, आणि समोर काकू डोळे पुसत उभ्या होत्या.

“छान आहे हो,” मेघा म्हणाली.

मग महिनाभर ते घर तिच्या घरी कपाटावर होतं. नवऱ्यानं, महेंद्रनं, एकदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, “आबांना काय सांगशील?”

“आबा कुठे येतायत? गुडघे दुखतात त्यांचे,” ती म्हणाली. सरांनाही तिनं हेच सांगून ठेवलं होतं.  

देव्हारा फार हलका होता. झाडताना, घर सरकवताना तो पडायचा आणि तिला उचलून पुन्हा उभा करावा लागायचा. दर वेळी आपल्याच हातानं. ज्या कोनाड्यातून आजोबांनी देव काढले, त्यात नात रोज ते पुन्हा बसवत होती. दुसऱ्यांचा देव, दुसऱ्यांच्या आईची आठवण. त्यात त्या देवाचा काही दोष नव्हता. पण हात लावला की तिला स्वतःची शिसारी यायची. शेवटी एका दुपारी तिनं फेव्हिकॉल घेतला आणि तो चिकटवून टाकला. मंडळाचा नियम मोडला, पण निदान पुन्हा हात लावायला नको.

बैठकीच्या रविवारी ती घर टेबलावर मांडत होती, तेव्हा सर म्हणाले, “तुझे वडील येतायत बरं का! मी विठूला म्हटलं, दुखू देत गुडघे, निरोप तर दे. ते म्हणाले, मी येतोच.”

मेघा खिडकीशी धावली. आबा रस्ता ओलांडून येतच होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात मेघाच्या लग्नात घेतलेले बूट. कुठल्याही गुडघेदुखीचं नावनिशाण नव्हतं. ती जिना धडाधडा उतरून खाली गेली. आबा पहिल्या पायरीवर पाय ठेवत होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

आबा कुठंही गेले की आधी जय भीम घालत, खणखणीत. ते मेघाला ठाऊक होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “आबा, वर... वर नमस्कार म्हणा.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे फुललं होतं ते मिटलं, एवढंच तिला दिसलं. ते म्हणाले, “बरं.”

सगळा जिना ते पुढं आणि ती मागं. तिला वाटलं, इथंच मागे फिरावं, त्यांना हात धरून घरी न्यावं. पण पाय वर चढत राहिले.

“नमस्कार मंडळी,” आबा दारातून म्हणाले.

“या, या! आणि गुडघे?” सरांनी विचारलं.

 “बरे हायेत आता,” आबा म्हणाले. लेकीचं दुसरं खोटंही त्यांनी असं सहज उचलून खांद्यावर घेतलं.

सरांनी त्यांना मंडळाचे नियम सांगितले, कोंडूची ओळख करून दिली, त्याला दारातून आत नेऊन दाखवलं. आबा हसले. “ह्याला बरं हाय. कुनाच्या बी घरात जातो, कोन नाव गाव इचारत नाय.” सगळे हसले. काकू सगळ्यांत जोरात हसल्या. धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं, असं मेघाला वाटलं.

मग आबांनी चष्मा लावला आणि वाकले. “चूल... हां. कणगी. अरे, ह्यो वासा! गोजा, बग, तुजा वासा,” असं ते मेलेल्या बायकोशी बोलल्यासारखं पुटपुटले आणि त्यांनी डोळे टिपले.  त्यांची नजर मागच्या भिंतीवर गेली, कोनाड्यापाशी आली आणि थांबली. त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथं जरा वेळ राहिला आणि रिकामाच खाली आला. रुमाल शोधत असतील, असं मेघाला वाटलं.

“देवघर जागच्या जागी आहे ना हो?” काकूंनी विचारलं.

“तुमचा शब्द शेवटचा,” सर म्हणाले. “चूक असेल तर चूक म्हणा. आम्ही बदलू.”

मेघानं डोळे मिटून घेतले. म्हणू देत चूक, असंही तिला वाटलं आणि नको, नको, असंही. टेबलापलीकडे विठू कंदिलाची वात खालीवर करत होता.

“बरोबर हाय,” आबा म्हणाले. “सगळं बरोबर हाय. लय गुनाची हाय माजी पोर.”

टाळ्या झाल्या. काकूंनी स्वतः कपबशी आबांच्या हातात दिली, वर बिस्किटं घ्यायचा आग्रह केला. आबा खुर्चीत नीट बसून चहा प्यायले आणि काकूंना म्हणाले, चा मस्त झालाय. याच क्षणाची आयुष्यभर वाट बघावी असा तो क्षण होता, आणि मेघाला त्याच्याकडे बघवेना.

एसटी स्टँडपर्यंत ती त्यांच्याबरोबर गेली. किन्हवलीची गाडी लागलेलीच होती. आबांनी खिडकीजवळची जागा धरली, टोपी मांडीवर ठेवली आणि खिशातून एक काडेपेटी काढून खिडकीतून तिच्या हातात दिली.

“ही घरी ठेव,” ते म्हणाले. “इठू बोलला व्हता, परत्येक जन कायतरी देतो. म्हनून केलेलं.”

तिनं काडेपेटी उघडली. आत कापसावर एक तसबीर होती. केरसुणीच्या हिरांची चौकट, घासून गुळगुळीत केलेली, कोपरे तिरपे कापून जुळवलेले. आणि चौकटीत फोटोच्या जागी बाबासाहेबांचं टपाल तिकीट, कोरं, शिक्का न बसलेलं. नोकरीत असताना घेऊन आबांनी ते जपून ठेवलं असणार. एका फुटाला एक इंच. इवल्या कोनाड्यात नेमकी मावेल अशी तसबीर होती ती.

“आबा...”

“थितं जागा नव्हती गो,” आबा म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मग तुम्ही बोलला का नाही?” ती रडू आवरत म्हणाली. “सर म्हणाले होते ना! घरातल्या माणसाचा शब्द शेवटचा. तुम्ही चूक म्हणाला असतात, तर...”

आबांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. “घरातला मानूस काय मी एकटाच? तू नायस?”

कंडक्टरनं घंटी वाजवली. निघताना आबा नेहमी खिडकीतून हात वर करून जय भीम म्हणत. आज त्यांनी नुसता हात वर केला. ते तोंडानं काही म्हणाले नाहीत, कारण त्यांना तसं सांगितलं गेलं होतं, आणि सांगणारी खाली उभी होती. मेघानं म्हणायला तोंड उघडलं तोवर गाडी वळणाला लागली.

ती तिथं किती वेळ उभी होती, तिचं तिला कळलं नाही. एक बाई म्हणाली, “बाजूला व्हा ना, गाडी लागतेय.” तेव्हा ती हलली.

माडीवर अजून मंडळी होती. कपबशा विसळणं चाललं होतं, सर घरावर लावायची नावाची पट्टी रंगवत होते. मेघा कुणाशी न बोलता टेबलापाशी गेली, छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि देव्हारा ओढला. तो हलेना. स्वतःच्याच हातानं पक्का केला होता.

“अगं, काय करतेस? घर पुरं झालं ना?” काकू ओल्या हातांनीच पुढं आल्या.

मेघाला एका दमात सांगायचं होतं, पण शब्द तुटक तुटकच आले. “आमच्या घरात देव नव्हते, काकू. आम्ही बौद्ध आहोत. या कोनाड्यातले देव माझ्या आजोबांनी नदीवर नेले होते. इथं बाबासाहेबांचा फोटो होता. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला ठेवू दिलं.”

नळ कुणीतरी बंद केला.

“पण तू तर... दीड म्हणाली होतीस,” काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं.

“खोटं बोलले.”

“आणि मोदक?”

“हलवायाकडचे.”

हे उत्तर दुसऱ्या कुठल्या वेळी ऐकलं असतं तर मंडळ हसून लोळलं असतं. आता कुणी हसलं नाही. मेघाची मान वर होत नव्हती. विठू उठला. त्यानं आपल्या पेटीतलं ब्लेड काढून तिच्यासमोर ठेवलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

देव्हाऱ्याला धक्का लागू नये म्हणून तिनं भिंतच कापायला घेतली. चुन्याचा पापुद्रा सुटला, मग मातीचे थर, मग कुडाची एक काडी. सगळ्यांच्या देखत, एवढ्या मेहनतीनं केलेला कोनाडा ती खरवडत होती. देव्हारा सुटला तेव्हा त्याच्या पाठीला चिमूटभर माती चिकटून आली. ती तिनं पदरानं पुसून काढली, बाळकृष्ण आत नीट आहे हे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तो काकूंपुढे धरला.

काकूंनी तो घेतला.  देव्हारा रुमालात गुंडाळून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या, बाहेर बघत. त्यांना काय वाटलं असेल, पुढच्या महिन्यात त्या आपल्याशी बोलतील की नाही, हे मेघाला कळेना. ते विचारायचा हक्क तिनंच घालवला होता.

तिनं काडेपेटीतून तसबीर काढली आणि उकरलेल्या कोनाड्यात ठेवली. कडा फुटलेल्या, चुना गेलेला, मागची काडी उघडी पडलेली. पण तसबीर बसली.

सर जवळ आले. चष्म्यावरून त्यांनी कोनाडा पाहिला, तिकीट पाहिलं, हिरांचे तिरपे कापलेले कोपरे पाहिले. त्यांनी हातातली पट्टी बाजूला ठेवली.

“बदल झाला,” ते हळू म्हणाले. “म्हणजे आता पुन्हा बघायला लागेल. घरातलं माणूस कुठाय?”

“मी आहे,” मेघा म्हणाली.

पण आवाज असा बसला होता की तो टेबलापलीकडे पोचलाच नाही. सरांनी कानामागे हात धरून पुन्हा विचारलं आणि तिला मान वर करून तेच पुन्हा म्हणावं लागलं.